फ्रीजरचा सातबारा

केजला आमच्या गल्लीत नानांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन सूचना दिल्या जातात. कुत्रं भुंकेल, भिऊ नका. आणि ओसरीतल्या पेटीवर बसू नका. कुत्रं आजवर कुणाला चावलेलं नाही. पेटीवर बसलेल्या माणसाला मात्र नाना हाताला धरून उठवतात, झाकण उघडतात, आणि मग तो माणूस अर्धा तास सुटत नाही.

पेटी म्हणजे डीप फ्रीजर. कळंब रोडवरच्या एका आइस्क्रीमवाल्यानं दुकान गुंडाळलं तेव्हा नानांनी ती पडत्या भावात उचलली. बाहेरच्या अंगाला हातात कोन धरून हसणारं पोरगं अजून रंगवलेलं आहे. ते बघून पाव्हण्यांची लेकरं नानांना चिकटतात. नाना खूश होतात, लेकराला कडेवर घेतात आणि आतलं दाखवतात. दुधाच्या पिशव्या, ताकाच्या वड्या, दह्याचे डबे, सायीचे डबे, लोणी, पनीर, चक्का, खवा आणि तळाला फडक्यात गुंडाळलेली चिकाची बाटली. आइस्क्रीम नाही. लेकरू भोकाड पसरतं. नाना त्याला समजावतात, "आरं, रडायलास कामून? आइस्क्रीमचं समदं सामान हाय की ह्यात!"

नाना तलाठी होते. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव मिळालंय, पण नाना स्वतःला तलाठीच म्हणवतात. सगळी नोकरी बीड जिल्ह्यात झाली. सज्जे बदलले, दप्तर तेच राहिलं. रिटायर झाल्यावर माणसं शेती बघतात, देवाधर्माला लागतात, नाहीतर प्लॉटिंगच्या भानगडीत पडतात. नानांची शेती बटईनं दिलेली आणि देवाधर्माचं खातं पहिल्यापासून बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे. नानांना नोंदी करायला काहीतरी हवं होतं. जमीन हातात राहिली नव्हती. पेटी सापडली.

म्हणून या पेटीचा सातबारा आहे. अलंकारिक अर्थानं नाही, खरोखरचा. लांबट वही, लाल शाईनं आखलेले रकाने. पेटीचे चार कप्पे म्हणजे चार गट. प्रत्येक डब्याला गट क्रमांक, पोटहिस्सा, क्षेत्र (मिलीलिटरमध्ये), गोठवल्याची तारीख आणि शेरा. भोगवटादार म्हणून नानांचं नाव. आणि सगळ्या वस्तू भोगवटादार वर्ग २, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण नाही. काकूंनी आमटीत घालायला म्हणून सायीचा डबा काढला तर त्याचा फेरफार घालावा लागतो, आणि फेरफारावर हरकत घ्यायला मुदत असते. तेवढ्यात आमटी उतरलेली असते.

"जन्मभर लोकाच्या रानाच्या नोंदी केल्या," काकू सांगतात. "आता माझ्या सायीच्या करायलेत."

नानांसारखी माणसं प्रत्येक गावात असतात. लग्नात मिळालेला सफारीचा कपडा न शिवता ट्रंकेत ठेवणारे. नव्या सोफ्याचं प्लास्टिक न काढणारे. पोरानं पाठवलेला मोबाइल खोक्यात ठेवून जुन्यावर बोलणारे. वस्तू चांगली आहे, सबब ती आज वापरायची नाही, असा यांचा न्याय. वापरायचा दिवस पुढे कधीतरी येणार असतो आणि तो आला की हे म्हणतात, आजचा तसा खास नाही. ही माणसं कंजूष नसतात, हे नीट लक्षात घ्यायला हवं. कंजूष माणूस आणतच नाही. हे आणतात, भरपूर आणतात, आणि मग त्याला राखण बसतात. नानांचं वेगळेपण एवढंच की राखण बसायला त्यांनी दूध निवडलं. जगातला सगळ्यात कमी धीराचा पदार्थ.

तरी केजच्या माणसाला याबद्दल फार हसता येत नाही. साठवणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. नळ कधी सुटेल याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी हौद, टिपाडं, गच्चीवर काळ्या टाक्या, आणि पाव्हणा आला की त्याच्याआधी त्याच्या आंघोळीचा हिशोब. मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावला. ते २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडं पडलं आणि त्याच्यावर जगणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. धरणाच्या उशाला राहून हे बघितलेल्या माणसाला रिकामं भांडं बघवत नाही. नानांना तर अजिबात बघवत नाही. फरक एवढाच की बाकीचे पाणी साठवतात ते पितात.

आता दुधाचं बघू, कारण नानांचा खरा झगडा तिथंच आहे.

गाईच्या दुधात शंभरातला सुमारे ८७ भाग पाणी असतं. म्हशीचं दूध दाट म्हणून आपण कौतुक करतो, पण त्यातही ८० हून अधिक भाग पाणीच. हे पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्के फुगतं. नानांनी पहिल्या हिवाळ्यात काचेच्या बरण्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. सकाळी झाकण उघडलं तर पेटीत बरण्या नव्हत्या, बरणीच्या आकाराचं दूध होतं. तेव्हापासून प्लास्टिकचे डबे, आणि प्रत्येक डब्यात वर दोन बोटं जागा रिकामी. ही रिकामी जागा सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागते.

गोठलेलं दूध पिवळसर दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं, उतरलं की रंग परत येतो. बिघाड वेगळ्या ठिकाणी असतो. घरच्या फ्रीजरमध्ये दूध सावकाश गोठतं, सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आणि ते दुधातल्या स्निग्धाच्या बारीक थेंबांभोवतीचं पातळ आवरण फाडतात. स्निग्ध मोकळं होतं. वितळल्यावर ते दुधात परत मिसळायला तयार नसतं, वर तवंग धरून बसतं. फार दिवस ठेवलं तर दुधातलं प्रथिनही गुठळ्या धरतं. आइस्क्रीम करणारे मिश्रण गोठताना सतत घुसळतात ते याचसाठी, स्फटिक मोठे होऊ नयेत म्हणून. नाना घुसळत नाहीत. नाना नोंद करतात.

त्यामुळे नानांकडचा चहा. पाव्हणा टेकला की नाना स्वतः उठतात, वही काढतात, सगळ्यात जुनी पिशवी शोधतात (आधी आलेला आधी गेला पाहिजे, हे तत्त्व ते पाळतात, आणि ते तत्त्व बरोबरच आहे), ती पाण्यात सोडतात आणि येऊन गप्पा मारत बसतात. दूध उतरेपर्यंत पाव्हण्याच्या तीन पिढ्यांची चौकशी होते. मग चहा येतो. त्यावर तुपाची चकाकी असते आणि तळाला बारीक कणी.

"नाना, दूध फाटलंय का?"

"फाटलं न्हाय. मोकळं झालंय."

काकूंना हे सगळं ठाऊक असल्यामुळे त्या रोज सकाळी अर्धा लिटर ताजं दूध घेऊन पिठाच्या डब्यामागं लपवतात. नानांच्या नजरेला पडलं तर ते गोठेल. कुणाला काकूंचा चहा मिळतो आणि कुणाला नानांचा, यावरून त्या माणसाची त्या घरातली पत कळते. मला काकूंचा मिळतो. हे अभिमानानं सांगतोय.

यावरून नवरा-बायकोत वाद झाला की नाना एकदम देशपातळीवर जातात. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हा युरोपातून भेट आलेली दुधाची भुकटी आणि बटर ऑइल होतं. ते पाण्यात मिसळून त्याचं दूध केलं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासला विकलं, आणि त्या पैशातून आपल्या शेतकऱ्यांच्या डेऱ्या उभ्या राहिल्या. हे खरं आहे. नाना ते, ही योजना राबवणारे डॉ. कुरियन शेजारच्या खोलीत बसल्यासारखं सांगतात आणि शेवटी म्हणतात, "देश साठवलेल्या दुधावर उभा राहिला. आन तुम्ही मला नावं ठेवायलाव."

काकू भाकरी थापताना मान वर न करता म्हणतात, "त्यांनी इकलं तरी. तुम्ही इकतबी न्हाईत, खातबी न्हाईत."

ताकात मात्र नाना जिंकलेले आहेत. हे कबूल केलं पाहिजे. एप्रिलमध्ये केजला दुपारी ताक दोन तास बाहेर राहिलं तर तोंडात धरवत नाही. नानांनी जिरं, मीठ, कोथिंबीर घातलेलं ताक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. ताज्या ताकाच्या पेल्यात त्यातल्या चार वड्या टाकायच्या. ताक गार होतं आणि पाण्याचा बर्फ टाकल्यासारखं पांचट होत नाही. धारूर रोडनं उन्हातून आलेल्या माणसाला ओसरीत हा पेला मिळाला तर तो नानांना काहीही माफ करेल. दह्याचंही तसंच. गोठवलेलं दही वितळलं की पाणी सोडतं आणि रवाळ होतं. ताटात वाढलं तर जेवणारा उठून जाईल. पण त्याला बेसन लावून, रवीनं घुसळून, आलं-मिरची-कढीपत्त्याची फोडणी दिली की कढीत कुणाला पत्ता लागत नाही. कढी दह्याचा भूतकाळ विचारत नाही.

एकदा काकूंचं विरजण संपलं. शेजारीपाजारी नव्हतं. नानांनी कधीकाळच्या दह्याची एक वडी काढली, कोमट दुधात टाकली, सकाळी घट्ट दही. गोठवल्यानं विरजणातले सगळे जीवाणू मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात. नानांनी हे आपल्या भाषेत सांगितलं: "रजेवर होते. बडतर्फ न्हवते." मात्र हाच नियम वाईट जंतूंनाही लागू आहे, हे नाना सांगत नाहीत. दूध आधीच उतरणीला लागलेलं असेल तर फ्रीजर त्याला सुधारत नाही. वितळलं की ते जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू लागतं.

सायीचा विषय नाजूक आहे. साय साठवणं हे नानांच्या आधीपासून, किंबहुना फ्रीजच्या आधीपासून बायकांचं काम. रोजची साय डब्यात, डबा बर्फाच्या कप्प्यात, आठवड्यानं विरजण लावायचं, घुसळायचं, लोणी वर आलं की गार पाण्यानं धुऊन कढवायचं. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हे चालतं आणि त्यासाठी कुणी वही घातलेली नाही. काकूंचं तूप तर असं कणीदार की अंबाजोगाईच्या पाव्हण्यांना डबा भरून द्यावा लागतो. नानांनी तिथंही नोंद सुरू केली: साय इतकी, लोणी इतकं, बेरी इतकी, तूट इतकी. तुटीचं कारण म्हणून शेऱ्यात त्यांनी 'कढवणाराचा हलगर्जीपणा' असं लिहिलं. ते पान आता वहीत नाही. कुणी फाडलं याची चौकशी प्रलंबित आहे.

त्यातच बांधाचा वाद निघाला. काकूंना पेटीत हुरडा, वाटाणा आणि सोललेला लसूण ठेवायला जागा हवी होती. नानांनी चौथ्या गटात एक कोपरा तोडून दिला, मध्ये पुठ्ठ्याचा बांध घातला. बीड जिल्ह्यात बांध घातला म्हणजे भांडण घातलं. हुरड्याची पिशवी रोज बोटभर सरकायची. नाना फूटपट्टी घेऊन मोजणी करायचे. शेवटी खरं नुकसान लसणानं केलं. दुधाची चरबी आजूबाजूचा वास पटकन ओढून घेते. म्हणून गोठवलेलं लोणी, खवा, साय घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची असते. पुण्याच्या नातवंडांसाठी नानांनी दूध घातलेल्या कॉफीच्या वड्या केल्या होत्या, उघड्या ट्रेमध्ये. नातवंडांनी त्या मिक्सरमध्ये फिरवल्या, मोठ्या काचेच्या ग्लासात ओतल्या, फोटो काढला आणि एक घोट घेतला. लसणाची कोल्ड कॉफी जगात प्रथम केजला झाली, असं आमची गल्ली मानते.

खव्यासाठी नाना प्रवास करतात. केजहून कळंब, तिथून पुढं भूमच्या बाजूला. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, पण आमच्याकडच्या पेढेवाल्यांच्या लेखी ते खव्याचं क्षेत्र. तिथल्या भट्ट्यांवरचा खवा दाणेदार, खरपूस आणि फसवणूक न करणारा. खवा गोठवायला उत्तम, कारण त्यातलं बहुतेक पाणी कढईतच उडालेलं असतं. फुगायला आणि फुटायला फारसं काही उरत नाही. बाहेर उन्हाळ्यात तो चार दिवसांत आंबतो, पण नीट गुंडाळून फ्रीजरमध्ये महिनेच्या महिने राहतो. महिनेच्या महिने म्हणजे किती, यावर नानांचं आणि जगाचं एकमत नाही. २०२३ मध्ये अधिक महिना आला होता. जावयाच्या वाणासाठी आणलेल्या खव्यातला अर्धा किलो उरला. नानांनी शेऱ्यात लिहिलं: 'राखीव, पुढील अधिक.' पुढचा अधिक २०२६ चा. नानांच्या हिशोबात खवा एकाच महिन्यात आला आणि एकाच महिन्यात संपला.

जावई लातूरकडचा आहे, गरीब स्वभावाचा. त्याला पाडव्याला जेवायला बोलावलं होतं. नानांनी श्रीखंडासाठी चक्का माघातच गोठवून ठेवलेला. यात चूक काही नव्हती. मोठ्या डेऱ्याही हंगामासाठी चक्का गोठवून ठेवतात. काकूंनी तो उतरवला, पुरणयंत्रातून काढला, साखर, वेलदोडा, जायफळ घातलं. पण जावयाला सुट्टी मिळाली नाही. काकू म्हणाल्या, गल्लीत वाटू. नाना म्हणाले, अक्षय तृतीयेला येतीलच. श्रीखंड परत पेटीत गेलं. एकदा उतरलेली वस्तू पुन्हा गोठवू नये हे नाना सगळ्यांना सांगतात; लेबलवरही लिहितात. मात्र जावयाचा मान हा अपवादात्मक बाब म्हणून मंजूर झाला. अक्षय तृतीयेला जावई आला. श्रीखंडात बर्फाचे खडे होते. चमचा वाकला. जावई खाली मान घालून खात राहिला, दात वाजत राहिले.

आमच्या तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथं धुळवडीला जावयाला धरून गाढवावर बसवून मिरवतात. ही प्रथा महाराष्ट्रभर बातमीत येते. जावई आधीच गायब होतात आणि गावातली पोरं त्यांना शोधत फिरतात. नानांच्या जावयाला कुणीतरी गमतीनं म्हटलं, बरं झालं, तुमची सासुरवाडी केज आहे, विडा नाही. तो म्हणाला, "विड्याला मिरवणुकीनंतर नवे कपडे तरी मिळतात."

पेटी चालते विजेवर, आणि वीज चालते तिच्या मर्जीनं. लाईट गेली की गल्लीतली माणसं उकाड्यानं बाहेर येऊन बसतात आणि नाना आत जाऊन पेटीवर बसतात. दुसऱ्या कुणी बसायचं नाही, पण या वेळी ते स्वतः बसतात, झाकण कुणी उघडू नये म्हणून. यामागं शास्त्र आहे. गच्च भरलेला डीप फ्रीजर न उघडता ठेवला तर साधारण ४८ तास गारठा धरतो, अर्धवट भरलेला २४ तास. म्हणून नाना पेटीत रिकामी जागा राहू देत नाहीत. काही नसेल तर पाण्याच्या पिशव्या भरून ठेवतात. ही माहिती ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला होता, म्हणजे दूध बर्फाची राखण करतंय का बर्फ दुधाची? नानांनी त्याला त्या दिवशी ताक दिलं नाही.

पण कधीकधी वादळानं खांब पडतात आणि दोन दिवसांचे तीन होतात. मग पंचनामा. दोन पंच लागतात, त्यात मी असतो. झाकण उघडतं. नाना एकेक डबा दाबून बघतात, आम्ही सह्या करतो. मग नजरअंदाज पैसेवारी निघते. ५० पैशांच्या आत आली की नाना खुर्चीत बसतात, चष्मा काढतात आणि दुष्काळ जाहीर करतात.

आणि मग गल्ली जेवते. कारण अर्धवट उतरलेलं दूधदुभतं परत गोठवता येत नाही, टाकवत तर नाहीच. काकू पदर खोचतात. पनीरची भुर्जी, दह्याची मोठं पातेलं भरून कढी, दुधाची बासुंदी, खव्याचे गुलाबजाम, चक्क्याचं श्रीखंड, सगळं एकाच रात्री, मेणबत्तीच्या उजेडात. असं जेवण आमच्याकडं लग्नातही होत नाही. नाना वाढपात असतात, आग्रह करतात, दर वाढीला सांगतात की हे फाल्गुनातलं, हे श्रावणातलं. खाणाऱ्यांना तिथीशी देणंघेणं नसतं. या घरात चांगलं खायला मिळायचं असेल तर आपत्ती यावी लागते, हे गल्लीला कळून चुकलंय. वळवाचं आभाळ भरून आलं की बायका एकमेकींना विचारतात, भाकरी टाकू का थांबू? एकदा तर आभाळ स्वच्छ असताना फक्त नानांच्याच घरची वीज गेली. मीटरजवळचं बटण कुणीतरी खाली केलेलं होतं. नाना गावाला गेले होते, तीन दिवस. संशय काकूंवर आहे, पण पुरावा नाही आणि साक्षीदार सगळे जेवलेले आहेत.

राहिली चिकाची बाटली. शेजारच्या मळ्यातली गाय व्याली तेव्हा पहिल्या दिवसाचा चीक नानांकडे आला होता. आमच्याकडं चीक विकत नाहीत, देतात, आणि भांडं परत करताना रिकामं धाडत नाहीत. काकूंनी गुळाचा खडा घालून धाडलं. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट की त्यात साधं दूध मिसळल्याशिवाय खरवस चांगला लागत नाही. लेकीला खरवस फार आवडतो आणि ती येणार दिवाळीला. नानांनी बाटली भरली, दोन बोटं पोटखराबा सोडला आणि नोंद केली. भोगवटादार: लेक. इतर हक्क: वासरू. वासराच्या तोंडचा घास आहे, म्हणून त्याचा हक्क कागदावर तरी राहिला पाहिजे, असं नानांचं म्हणणं. काकू तेव्हा हसल्या होत्या.

पावसाळ्यात एका रात्री कानडी रोडच्या बाजूचा एक शेतकरी दारात आला. त्याची लाल कंधारी गाय वितानाच गेली होती. वासरू जिवंत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही तासांत चीक पोटात गेला तर वाचेल, कारण वासरू रोगाशी लढायची ताकद घेऊन जन्मत नाही, ती त्याला चिकातूनच मिळते, आणि एक दिवस उलटला की त्याचं आतडं ती घेईनासं होतं. आजूबाजूला दुसरी ताजी व्यालेली गाय नव्हती. कुणीतरी नानांचं नाव सांगितलं.

काकूंनी बाटली काढली आणि सवयीनं गॅसकडं वळल्या. नाना ओरडले. नाना काकूंवर ओरडल्याची आमच्या गल्लीत तेवढीच नोंद आहे. त्यांचं बरोबर होतं. चीक तापवला की घट्ट होतो, म्हणून तर खरवस होतो. पण ज्या प्रथिनांमुळं तो घट्ट होतो त्यांतच वासराला हवं ते असतं, आणि ती उष्णतेनं वाया जातात. कोमट पाण्यात बाटली ठेवून सावकाश उतरवायचा. त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात नानांनी वही उघडली आणि फेरफार लिहिला. शेतकरी पायावर पाय घासत उभा. "नाना, तेवढं मागनं लिवा की!"

"सही कर. हक्क आधीपासून लागलेला हाय," नाना म्हणाले आणि इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवलं. "कोनतं वासरू हे लिहिलेलं न्हाय."

वासरू वाचलं. गोठवलेला चीक वर्षभर चांगला राहतो, आणि जनावरं पाळणारे जाणते लोक असा साठा मुद्दाम ठेवतात, हे डॉक्टरांनी नंतर नानांसमोर सांगितलं. सांगायला नको होतं. तेव्हापासून नानांशी बोलणं अवघड झालंय. वासरू आता कालवड आहे आणि नाना महिन्यातून एकदा त्या मळ्यात पीक पाहणीला जातात. ती कालवड व्याली की पहिला चीक आपल्याकडं येईल, असं त्यांनी त्या शेतकऱ्याकडून लेखी घेतलंय. लेक दिवाळीला आली, तिला खरवस मिळाला नाही. वहीत लिहून मिळालं: हक्क पुढील विण्यापर्यंत कायम.

तेव्हा वाचकहो, दूधदुभतं गोठवायचंच असेल तर खवा, लोणी, साय बेलाशक ठेवा. दही-ताक ठेवा, पण कढीच्या आणि गारव्याच्या हिशोबानं. घरी गाय असेल आणि वासराचं पोट भरून उरत असेल तर चिकाची एक बाटली अवश्य ठेवा. डब्यावर खायची तारीख टाका, आणि ती आली की खाऊन टाका. चहाला ताजं दूध घ्या. आणि केजला नानांकडे जायचं असेल तर आधी फोन करून लाईट आहे का विचारा. असेल तर दुसऱ्या दिवशी जा.